बुजरी वेगळी, जपलेली वेगळी

सांगलीत विश्रामबागेत माझ्याकडे कॉट बेसिसवर मुली राहतात. अकरा कॉट, दोन वेळचं जेवण, रात्री साडेआठला फाटक बंद. जून-जुलैत नव्या मुली येतात, तेव्हा पोचवायला आलेलं माणूस पायरीवर चप्पल काढता काढता एक वाक्य म्हणतंच, "पोरगी लई गरीब हाय बघा, काकू." हे गरीब पैशाचं नसतं, स्वभावाचं असतं. पोरगी गप्प का बसते, याची जेवढी म्हणून कारणं असतील तेवढी आम्ही सांगलीकडची माणसं या एका शब्दात कोंबून मोकळी होतो.

२०१९ च्या जुलैत एकाच दिवशी दोघी आल्या. एक तासगावच्या बाजूची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. दुसरी जत तालुक्यातली, आईचं किराणा दुकान. दोघी बाहेरच्या खोलीतल्या बाकावर माना खाली घालून बसल्या. मी नाव विचारलं तर एकीचं बापानं सांगितलं, दुसरीचं मामानं. दोघींबद्दल तेच वाक्य ऐकलं आणि मीही दोघींना एकाच माळेचे मणी समजले. तोवर अकरा-बारा वर्षं मुली सांभाळलेली बाई मी. तरी पहिल्या पंधरवड्यात पार तोंडावर आपटले.

तासगावची त्याच रात्री बोलायला लागली ती दोन वाजेपर्यंत. बाकावर ती गप्प होती, कारण बाप बसला होता आणि बाप असताना आपण बोलायचं नसतं एवढंच तिला ठाऊक होतं. लाजण्याचा तिथं काही संबंधच नव्हता. मात्र तिनं आयुष्यात एकटीनं रस्ता ओलांडला नव्हता. कॉलेजला भाऊ गाडीवरून सोडायचा आणि न्यायचा. पहिल्यांदा एकटी घरी निघाली तेव्हा एसटीत कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, तर ही म्हणाली, "घरी." बस हसली. तीही हसली आणि शेजारच्या बाईला विचारलं, "तिकिटाला गावाचं नाव सांगायचं असतं व्हय?" परत आल्यावर हे सगळं तिनंच आम्हाला रंगवून सांगितलं. ज्या पोरीला खरी लाज वाटली असती, तिनं ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं.

जतची उलट. ती एकटी शहरात बावरेल म्हणून पहिल्या सुट्टीला मी एका जुन्या मुलीला तिच्यासोबत स्टँडवर धाडलं. ती काही न बोलता गेली. दिवाळीत तिच्या मामाकडून कळलं, की दोन वर्षं आजीला मिरजेच्या दवाखान्यात हीच आणत होती. पहाटेची गाडी, केसपेपर, रिपोर्ट, औषधं, संध्याकाळच्या गाडीनं परत. दहावीपासून दुकानाची उधारीची वही हिच्याकडे. आणि ही पोरगी माझ्या मेसमध्ये दुसरी भाकरी मागायला नको म्हणून अर्धपोटी उठायची. वर्गात "हजर" म्हणायची ते तिचं तिलाच ऐकू जायचं. महिनाअखेरीला चार गैरहजेऱ्या लागल्या, त्याही तिनं सरांकडे जाऊन खोडून घेतल्या नाहीत. मला काही सांगायचं असलं तर डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी. "उद्या डबा नको." "नळ गळतो." अक्षर ठसठशीत, शब्द मोजके.

जतची बुजरी होती आणि तासगावची जपलेली. लांबून दोघी सारख्याच दिसतात. दोघींची मान खाली, दोघींचा आवाज बारीक, दोघी कुणाच्या तरी मागं उभ्या. पण एकीला सगळं येतं आणि ते चारचौघांत करताना जीव गोळा होतो. दुसरीला काहीच येत नाही, पण करायला लावलं तर ती बिनघोर करते, चुकते आणि हसते.

बुजणं हा शब्द आपण जनावराला वापरतो. बैल बुजतो, घोडं बुजतं. ज्यानं बैल हाकलेत त्याला विचारा. रस्त्यात आडव्या आलेल्या ताडपत्रीला बैल बुजला तर शहाणा गडी चाबूक काढत नाही. थांबतो, बैलाला ती हुंगू देतो, मग पुढं काढतो. फटके ओढणाऱ्याचा बैल पुढच्या वेळी त्या वळणावर आधीच बिचकतो. वक्तृत्व स्पर्धेत ढकलून भीड चेपते असं मानणाऱ्या शिक्षकांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं. काहींची चेपते, खोटं कशाला बोलू. पण ज्यांची चेपली नाही त्या परत कधी त्या व्यासपीठाच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत, आणि त्यांची गोष्ट बक्षीस समारंभात कुणी सांगत नाही.

बुजरीबद्दल आणखी एक गैरसमज पक्का बसलाय. तिला माणसं नकोत, ती एकलकोंडी आहे, असा. १९८१ साली जोनाथन चीक आणि आर्नल्ड बस या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. कॉलेजच्या अनोळखी मुलींच्या जोड्या करून त्यांना गप्पा मारायला बसवलं. काही मुली बुजऱ्या होत्या पण माणसांची ओढ असलेल्या, काही बुजऱ्या आणि फारशी ओढ नसलेल्या. सगळ्यांत जास्त अवघडल्या त्या पहिल्या. त्या कमी बोलल्या, नजर टाळत राहिल्या, हात सारखे स्वतःच्याच केसा-कपड्यांशी चाळा करत राहिले. म्हणजे बुजरेपण आणि माणूसघाणेपण ही दोन वेगळी खाती. जिला कुणी नकोच असतं ती कोपऱ्यात निवांत वाचत बसते. जिला हवं असतं आणि जमत नाही, तिला घाम फुटतो. जतची रोज रात्री गप्पांच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहायची आणि पाणी प्यायचं निमित्त करून परत जायची. खोलीतल्या मुली म्हणायच्या, "शिष्ट आहे. भाव खाते." आतून भीड असो की ताठा, बाहेर दिसतं तेच. नजर देत नाही, उत्तर एका शब्दाचं. वडीलधारी माणसं त्यालाच शालीन म्हणतात, सोबतिणी आखडू म्हणतात. पोरगी एकच, वेळही एकच.

बुजरेपण काही दुर्मीळही नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला बुजरं म्हटलं होतं. त्यात पुरुषही होते. पुरुषाच्या बुजरेपणाला आपल्याकडे कौतुकाचा शब्दच नाही, त्याला बुळा म्हणतात. बाईचं मात्र तेच भूषण. मौज अशी, की याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं रंगभूमीवर लाजणाऱ्या नायिका झाल्या त्या मिसरूड काढलेल्या पुरुषांच्या. पदर कसा सावरायचा, मान कुठल्या कोनात झुकवायची, हे पुरुष शिकले, उत्तम करू लागले, आणि घरच्या बायका ते बघून नटू लागल्या. तेव्हा लाजणं ही शिकून येणारी कला असू शकते. बुजणं ही नव्हे. लाजणाऱ्याला कुणी बघणारं हवं असतं, बुजणाऱ्याला तेच तर नको असतं.

आता जपलेलीकडे येते. तिचं कारण स्वभावात शोधायला गेलात तर सापडणार नाही, तिच्या दिनक्रमात बघा. घराबाहेरची किती कामं तिनं एकटीनं केली? पैसे कधी स्वतः मोजले? चुकली तर कुणी मध्ये पडेपर्यंत किती वेळ मिळाला? तासगावचा बाप मला अभिमानानं म्हणाला होता, "काकू, उन्हाची तिरीप लागू दिली न्हाई पोरीला." बेदाण्याचा माणूस तो. हिरवा बेदाणा करायचा तर द्राक्षं शेडमध्ये, जाळीच्या सावलीत सुकवायची. उघड्या उन्हात घातली तर माल लाल-तपकिरी पडतो आणि सौद्यात भाव उतरतो. बापानं पोरीलाही तसंच सावलीत ठेवलं होतं, आणि भाव कुठल्या बाजारात करायचाय हे त्यानं लपवलंही नाही. शिक्षण पुरं होईपर्यंत दोन स्थळं बघून ठेवली होती. माया खोटी नव्हती, हेही सांगते. सणाला आला की अकराही मुलींसाठी पेटी आणायचा.

बघण्याच्या कार्यक्रमात तर दोघींचा घोळ पुरता होतो. पोहे येतात, मान खाली जाते, आणि मंडळी परस्पर अर्थ लावतात. पोरगी काही बोलली नाही, म्हणजे तिचा होकार. बुजरी तिथं नकार मनात घेऊन बसलेली असू शकते. तो तोंडातून काढायला तिला आठ दिवस आणि एक कागद लागतो. जपलेलीला आपल्याला विचारलं जातंय हेच कळत नाही, कारण आजवर कुणी कशाला विचारलंच नाही. सासरी गेल्यावर सहा महिन्यांत ती सगळं शिकून प्रश्न विचारू लागते, तेव्हा "आधी किती गरीब होती हो!" म्हणून सगळे चकित. बदललेली नसते ती. तिला दार सापडलेलं असतं.

माझ्यापुरता खरा उलगडा, दोघी आल्या त्याच साली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाला. कृष्णा चढली, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभाग बुडाला. आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, म्हणून ओळखीची-बिनओळखीची वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे आली. रस्ते बंद, त्यामुळे मुलीही अडकलेल्या. तासगावची उत्साहात. "काकू, पाणी बघून येऊ?" म्हणून दोनदा चप्पल घालून निघाली, दोनदा मी हाताला धरून आत ओढली. पुराचं पाणी ओढून नेतं, हे तिच्या कल्पनेतच नव्हतं. रात्री मात्र आईच्या आठवणीनं हमसून रडली.

आणि जतची? उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेली पोरगी ती, तिनं एवढं पाणी बघितलेलं नव्हतं. मी तिच्या हातात वही दिली आणि म्हटलं, कोण आलंय, कुणाला कुठल्या गोळ्या लागतात, लिहून काढ. तासाभरानं बघते तर ही एकेका परक्या आजोबांसमोर उकिडवी बसून विचारतेय, "साखरेची गोळी सकाळची की रात्रीची? पाकीट हाय का? नुसता रंग सांगा." आवाज तोच, बारीक. पण अडखळत नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाशी ती असंच बोलत असणार. हातात वही आली, काम नेमून मिळालं, आणि लोकांच्या नजरा तिच्यावरून उठून वहीवर गेल्या. बुजऱ्या माणसाला 'जरा मोकळी हो' असं सांगून काही होत नाही. त्याला काम द्या, मोजकं आणि आपलं म्हणावं असं.

धोका नाही तिथं बुजरी भिते. धोका असतो तिथं जपलेली भीत नाही. मला दोघींतला फरक या दोन वाक्यांहून नेमका मांडता येत नाही. म्हणून काळजीही वेगळी करावी लागते. जपलेलीला मी बँकेत धाडते, गणपती पेठेत किराणा आणायला धाडते, चुकीचा माल आणला तर परत करायलाही तिलाच धाडते. बुजरीला बाजारात धाडून काही साधत नाही, बाजार तिला माझ्यापेक्षा बरा कळतो. तिला ताटावर बसल्यावर न विचारता दुसरी भाकरी वाढते, आणि पाहुण्यांसमोर "ही बोलतच नाही" असं म्हणत नाही. हे वाक्य एकदा कानावर पडलं की ती महिनाभर मागं जाते.

दोन्ही एकाच मुलीत असतात असंही घडतं. लहानपणी बुजरी म्हणून आई मध्ये बोलत राहते, आईच्या बोलण्यानं सराव होत नाही, सराव नाही म्हणून बुजणं वाढतं. अशीला वेळ लागतो. आणि आधी घडाघडा बोलणारी मुलगी एकाएकी गप्प झाली, तर ती या दोन्हींतली नव्हे. तिथं कुणाचा तरी धाक असतो किंवा काहीतरी दुखलेलं असतं, आणि तिला 'सुधारली' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तासगावच्या वडिलांचा दुसऱ्या वर्षी फोन आला, चांगला चढ्या आवाजात. पोरगी न कळवता एकटी गावी आली होती, रात्रीच्या शेवटच्या गाडीनं. "काय शिकवताय तुमी तिथं?" मी म्हटलं, तिकिटाला गावाचं नाव सांगायला.

जतची मधली कोरोनाची खंडित वर्षं धरून २०२२ ला गेली. जाताना वाकून नमस्कार केला, बोलली काही नाही. मामा म्हणाला, "लई गरीब पोर." संध्याकाळी डबे घासायला काढले तर तिच्या डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी. "काकू, एप्रिलचे दोन खाडे धरले नाहीत. १२० रुपये जास्त घेतलेत." वही काढून बघितलं. बरोबर होतं. मी पैसे फोनवरून पाठवले. उत्तरात नुसता अंगठा आला.