नेम पगडीवर, मैदान दरबार साहिब: गेममधल्या चित्रणावरच्या शीख आक्षेपांची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००२ मध्ये ‘हिटमॅन २: सायलेंट असॅसिन’ हा गेम बाजारात आला. तो डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने बनवला होता आणि ब्रिटनच्या आयडॉस कंपनीने प्रकाशित केला होता. एजंट ४७ हा टक्कल असलेला भाडोत्री मारेकरी देशोदेशी फिरतो, तसा तो भारतातही येतो. ‘टेंपल सिटी अँबुश’ ही पंजाबमधली मोहीम आणि तिच्या पुढच्या दोन मोहिमा एका काल्पनिक पंथाभोवती गुंफलेल्या होत्या. मात्र या काल्पनिक पंथाला दिलेले रूप खऱ्या समाजाचे होते. पगडी बांधलेली माणसे आणि अमृतसरच्या हरिमंदिर साहिबची (सुवर्णमंदिर, म्हणजेच दरबार साहिबची) ओळख पटेल असे चित्रण, यांच्यामध्ये खेळाडूच्या हाती बंदूक होती.

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या शीख संघटनांनी लगेच आक्षेप घेतला. अमेरिकेत ‘स्मार्ट’ (शीख मीडियावॉच अँड रिसोर्स टास्क फोर्स) ही संस्था १९९६ पासून वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीतल्या शीख चित्रणावर लक्ष ठेवून होती. २००४ मध्ये तिचे नाव ‘सालडेफ’ झाले. ऑनलाइन याचिका निघाल्या, प्रकाशकाला पत्रे गेली, बातम्या झाल्या.

हा राग समजून घ्यायचा तर दोन तारखा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली जून १९८४ ची. ऑपरेशन ब्लू स्टारमध्ये सैन्य दरबार साहिबच्या आवारात शिरले तेव्हा गुरू अर्जन देव यांच्या शहीदी गुरुपर्वासाठी (बलिदान दिनासाठी) आलेले भाविक आत होते. त्याच आवारातले अकाल तख्त, म्हणजे शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ, उद्ध्वस्त झाले. तिथल्या परिक्रमेत, म्हणजे सरोवराभोवतीच्या प्रदक्षिणामार्गावर, गोळीबार झालेला पाहिलेली माणसे आजही हयात आहेत. दुसरी तारीख १५ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घालण्यात आली. दाढी आणि पगडी एवढाच ‘पुरावा’ मारणाऱ्याला पुरला. पुढे अमेरिकेत नागरी हक्कांचे मोठे काम उभे करणारी ‘शीख कोएलिशन’ त्याच काळात स्थापन झाली. त्यानंतर जेमतेम वर्षभरात हा गेम आला. पगडीवाला दिसला की नेम धरायचा, हे पडद्यावर शिकवू नका, हे सांगण्याइतकी ती जखम ताजी होती.

गेमची मूळ रचनाच इथे अडचणीची होती. हिटमॅन मालिकेची मुख्य युक्ती वेशांतराची आहे: माणूस मारायचा किंवा बेशुद्ध करायचा, त्याचे कपडे स्वतः घालायचे आणि पहाऱ्यातून पुढे सटकायचे. अशा गेममध्ये दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, आली की ती आपोआप काढून घ्यायची वस्तू बनते. शिखासाठी ती केसांइतकीच अंगाची आहे. चारचौघांत दुसऱ्याने ती उतरवणे हा अपमानाचा कळस मानला जातो. तांत्रिक बाजूनेही बहुतेक गेममध्ये डोक्यावरचे सगळे काही ‘टोपी’च्या खणात टाकतात. त्यामुळे हेल्मेट चढवले की पगडी गायब होते आणि खाली केस नसलेले डोके दिसते. काही नेमबाजीच्या गेममध्ये डोक्यावर गोळी लागताच टोपी उडून पडते, त्याच नियमाने पगडीही उडते. यावरचा उपाय साधा आहे: दस्तार डोक्याच्या मॉडेलचाच भाग करायची, सुटी वस्तू ठेवायची नाही. पण हे पात्र घडवतानाच सांगावे लागते.

दुसरी चूक आळसातून होते. पगडीचे एकच मॉडेल करायचे आणि तेच अफगाण, राजस्थानी, शीख अशा सगळ्यांच्या डोक्यावर बसवायचे. पुणेरी पगडी आणि कोल्हापुरी फेटा यांत गल्लत झाली तर आपल्याला जसे खटकेल, तसेच हे. शिखांच्या बाबतीत मात्र या गल्लतीतून रस्त्यावर जीव जातात.

आक्षेपानंतर काय झाले? २००३ मध्ये त्याच गेमची निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रावरची आवृत्ती आली, त्यात हे चित्रण बदलले होते. पण आधी विकल्या गेलेल्या प्लेस्टेशन २ च्या डिस्क जशाच्या तशा राहिल्या, कारण त्या यंत्रावर घरबसल्या दुरुस्ती पोचवण्याची सोय जवळपास नव्हतीच. डिस्क एकदा छापली की विषय संपला. त्या काळच्या मोहिमांना अर्धेच यश का मिळाले, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

पुढच्या वीस वर्षांत इतर धर्मीयांच्या तक्रारींनी हा मार्ग रुंद केला. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘लिटलबिगप्लॅनेट’मधल्या एका गाण्यात कुराणातले शब्द असल्याचे लक्षात येताच सोनीने बाजारात जाण्याच्या बेतात असलेल्या डिस्क परत मागवल्या आणि प्रकाशन पुढे ढकलले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी: व्हॅनगार्ड’मध्ये कुराणाची पाने जमिनीवर पडलेली दिसली. ॲक्टिव्हिजनने माफी मागितली आणि अपडेटमधून ती काढली. डिस्कऐवजी अपडेट आल्यामुळे दुरुस्तीचे काम महिन्यांवरून दिवसांवर आले.

या कामात मुरलेले लोक तक्रार कशी लिहितात, ते पाहण्यासारखे आहे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. गेमचे नाव, प्लॅटफॉर्म, आवृत्तीचा क्रमांक, मोहिमेचे नाव, व्हिडिओतली नेमकी वेळ, स्क्रीनशॉट आणि हवा असलेला बदल, हे सगळे ते एका पानात मांडतात. बदलाची किंमत त्यांना ठाऊक असते. भिंतीवरचे चित्र बदलणे म्हणजे एक टेक्श्चर फाइल (पृष्ठभागावर चिकटवलेले चित्र) बदलणे. पार्श्वभूमीला गुरबाणी (गुरू ग्रंथ साहिबमधली पदे) वाजत असेल तर ध्वनिफाइल बदलणे. पण अख्ख्या मोहिमेची जागा हलवायची तर पात्रे भिंतींना कुठे अडतात, त्यांचे मार्ग, मोहिमेची स्क्रिप्ट असे सगळे पुन्हा तपासावे लागते आणि कन्सोल कंपनीची मंजुरी नव्याने घ्यावी लागते. म्हणून अशी मागणी गेमचा ट्रेलर दिसताच करायची, प्रकाशनानंतर नाही. अनेकांची पहिली तक्रार चुकीच्या दारात जाते, ती म्हणजे मानांकन मंडळाकडे. अमेरिकेतले ईएसआरबी हिंसा, रक्तपात, शिवीगाळ यांनुसार वय ठरवते. एखाद्या धर्मस्थळाचा मान राखला का, हे पाहणे तिच्या कामात बसत नाही. पत्र प्रकाशकालाच जायला हवे.

आम्हाला दाखवूच नका, असे शिखांनी कधी म्हटले नाही, हे ठळकपणे सांगायला हवे. २०१६ मधला ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स: इंडिया’ १८४१ च्या शीख साम्राज्याच्या काळात घडतो. त्याच मालिकेतल्या ‘सिंडिकेट’मध्ये शीख साम्राज्याचे शेवटचे महाराजा दलीपसिंग लंडनमध्ये भेटतात. गुरूंच्या बाबतीत मात्र मर्यादा कडक आहे. त्यांना नटाच्या रूपात किंवा चालतेबोलते ॲनिमेशन म्हणून उभे करायला गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीचा विरोध असतो. गुरू ग्रंथ साहिब हा धर्मग्रंथ दाखवायचाच असेल तर मंजी साहिबवर (छोट्या आसनावर), वर चांदोवा (छत), अंगावर रुमाला (वस्त्र) हवा. आणि स्फोटात उडणाऱ्या, फुटणाऱ्या वस्तूंच्या यादीत तर तो कधीच नको. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत आणि गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडलाच त्याला गुरुपद दिले. ही मर्यादा महाराष्ट्राला परकी नाही.

आयओ इंटरॅक्टिव्ह २०१८ च्या ‘हिटमॅन २’मध्ये (२००२ च्या गेमहून हा वेगळा) पुन्हा भारतात आली, या वेळी मुंबईत. तिथली लक्ष्ये गुन्हेगारी टोळीतली आहेत.

भारतात चित्रपटांसारखे गेमना प्रमाणपत्र देणारे मंडळ नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, म्हणजे जुने २९५-अ, हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेल्या अपमानालाच लागू होते. निष्काळजीपणे वापरलेल्या टेक्श्चरमागे तो हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. त्यातच आता खेळाडू स्वतः नकाशे आणि मॉड (मूळ गेममध्ये केलेले बदल) बनवतात. तिथे पत्र लिहायला प्रकाशक नसतो. प्लॅटफॉर्मवरच्या ‘रिपोर्ट’ बटणातून तक्रार करावी लागते आणि काढलेला नकाशा दुसऱ्या नावाने परत चढवला गेला, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.