हीटरचा होज पाइप आतून फाटतो

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर आठवड्याला थोडं कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत असं झालं, तर इंजिनकडून डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरकडे (गाडीत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरकडे) जाणारे दोन बारीक होज पाइप आधी तपासावेत. गळलेलं कूलंट तापलेल्या इंजिनवर वाळून जातं. मागे उरतो क्लॅम्पजवळचा, म्हणजे पाइप आवळणाऱ्या कड्याजवळचा, पांढरट किंवा हिरवट थर. डावीकडच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर मात्र बहुधा हीटर कोअरच फुटलेला असतो.

पाइप वरून ठणठणीत दिसतो, कारण तो आतून खराब होतो. इंजिन आणि रेडिएटरचे वेगवेगळे धातू, मध्ये कूलंट, अशी ही बॅटरीसारखीच जोडणी झाली. काळ्या रबरातल्या कार्बनमधूनही थोडी वीज वाहते आणि आतल्या बाजूला उभ्या, बारीक चिरा पडत जातात. टोकांपासून ५ सेंमीच्या आत त्या सर्वाधिक असतात. म्हणून गार इंजिनवर पाइप आधी मध्ये दाबून पाहा, मग टोकाशी. टोक मऊ, पोकळ लागलं की दोन्ही पाइप बदला, कारण दोघांचं वय एकच असतं.

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण सुमारे १ बार दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळतं पाणी उसळून अंगावर येतं. काढलेलं कूलंट झाकून ठेवा. ते चवीला गोड पण विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चिकटलेला पाइप पक्कडीने पिळून ओढणं. हीटर कोअरची नळी पातळ असते, ती वाकली की डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याऐवजी कटरने पाइपला उभा छेद द्या आणि साल सोलावी तसा तो काढा. नळी बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

नवा पाइप त्याच आतल्या मापाचा घ्या, बहुतेक गाड्यांत १६ किंवा १९ मिमी. दुकानदार पेट्रोलचा पाइप देऊ लागला तर घेऊ नका. त्याचं रबर इंधनासाठी असतं, गरम कूलंटमध्ये ते कडक होऊन तडकतं. चढवताना टोकाला कूलंट लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने हीटरच्या पाइपचं रबर फुगतं. पाइप नळीवर अडीच-तीन सेंमी चढला पाहिजे. क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे, पाइपच्या टोकापासून ३-५ मिमी आत बसवा. तो रबरात रुतेपर्यंत आवळू नका.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. बोअरच्या पाण्यातले क्षार हीटर कोअर बुजवतात. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. पहिल्या फेरीनंतर इंजिन गार झालं की पातळी पाहा आणि क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा.