फरशीवरचा सोनेरी डाग

2018 च्या महाराष्ट्रातल्या थर्माकोलबंदीआधीची गोष्ट. गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा खांब सोनेरी स्प्रेने रंगवायला घेतला आणि पहिल्याच फवाऱ्यात त्याला खळगे पडले. बारीक चरचर ऐकू येत होती, पांढरे मणी डोळ्यांदेखत आत खचत होते. खांब खाल्ला तो रंग पातळ ठेवणाऱ्या द्रावकाने. अॅसिटोन, टोल्युइन, झायलीन ही त्यातली नेहमीची मंडळी. थर्माकोल विरघळवणारं हेच द्रव्य पुढे आमच्या फरशीवरचे, शर्टावरचे डाग काढायला कामी आलं.

सोनेरी रंग चमकतो तो धातूच्या किंवा अभ्रकाच्या सूक्ष्म चकत्यांमुळे. (1949 मध्ये अमेरिकेतल्या सिकमोर गावी एडवर्ड सीमूर यांनी पहिल्यांदा डब्यातून फवारला तो रंगही अॅल्युमिनियमचा, चंदेरी होता.) या चकत्या थिनरमध्ये विरघळतच नाहीत. विरघळतो तो त्यांना धरून ठेवणारा चिकट बाइंडर. तो सुटला की चकत्या मोकळ्या होतात, आणि आपण फडका जोरात घासला की आजूबाजूच्या स्वच्छ जागेवर जाऊन बसतात. काढता काढता डाग मोठा होतो तो असा. म्हणून घासू नका, टिपा. दर वेळी फडक्याची कोरी बाजू घ्या.

किती वेळ झाला, हेही महत्त्वाचं. काही रंगांमधलं अॅक्रिलिक फक्त द्रावक उडून गेल्यामुळे वाळतं. पाणी सुकलं की मीठ मागे उरतं आणि पाणी घातलं की पुन्हा विरघळतं, तसंच हे. महिन्याभरानेही थिनरला दाद देतं. अल्किड रंगाचं वेगळं. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळ्यासारखं विणलं जातं. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसा हा रंग मुरल्यावर फुगतो, सोलून निघतो, पण नीट विरघळत नाही. डब्यात कोणता रंग आहे हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं, त्यामुळे त्याच दिवशी हात घातलेला बरा.

हातावरच्या रंगाला मात्र थिनर लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. थिनर त्वचेतली स्निग्धता धुऊन काढतो आणि टोल्युइन त्वचेतून आत शिरतं. खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पुसा, मग साबण. तेलाने बाइंडर मऊ पडतो. नखांच्या कडेला राहिलेला रंग दोन-चार दिवसांत वरच्या मृत पेशींबरोबर आपोआप जातो. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

सुती कपडा उलटा करा, डागाखाली जुना पंचा ठेवा आणि मागच्या बाजूने अॅसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा टेकवा. रंग खालच्या पंच्यात उतरतो. अॅसिटेटच्या धाग्याचं कापड अॅसिटोनमध्ये थर्माकोलसारखंच विरघळतं, म्हणून आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा. डाग जाईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री लांब ठेवा.

आणि हे सगळं समई-निरांजनापासून दूर, खिडक्या उघडून करा. अॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीवरही पेट घेते.

काच आणि चकचकीत टाइल यांची काळजी नको. रंग वरच बसतो, साबणाचं पाणी लावून ब्लेड तिरकं धरलं की निघतो. प्लास्टिकच्या स्विचबोर्डावर अॅसिटोन लावाल तर बोर्डच पांढुरका होईल. मेन बंद करून खोबरेल तेलाचा किंचित ओला बोळा फिरवा.

खरी परीक्षा संगमरवराची आणि शहाबादी फरशीची. दगडाला छिद्रं असतात, थिनर ओतला की पातळ झालेला रंग त्यांतून आणखी खोल जातो. अॅसिडचा तर विचारच नको, हे दोन्ही दगड कॅल्शियम कार्बोनेटचे, ते अॅसिडने झिजतात. आम्ही मुलतानी माती अॅसिटोनमध्ये कालवून डागावर बोटभर जाड थापली, वर प्लास्टिक घालून कडा चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप सुकू दिला. सुकताना माती दगडातला द्रव केशाकर्षणाने वर ओढते, आणि त्याच्याबरोबर सुटलेला रंगही. तीनदा लेप दिला. पहिल्याच्या पापुद्र्याखाली सोनेरी चकाकी स्पष्ट दिसत होती, तिसऱ्याखाली नुसती माती.