लूशिया हॅरिस: १९७७च्या ड्राफ्टमागची पार्श्वभूमी

अमेरिकन बास्केटबॉलपटू लूशिया हॅरिसचं नाव निघालं की चर्चा हमखास एकाच दिवसावर येऊन थांबते: १० जून १९७७. त्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ संघाने एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या फेरीत १३७व्या क्रमांकावर तिची निवड केली. तिच्यानंतर ३३ पुरुषांची नावं पुकारली गेली. ती मात्र संघाच्या निवड-चाचणीलाही गेली नाही. ‘एवढी मोठी संधी तिने सोडली’ असं यावर सर्रास लिहिलं जातं, आणि तिथेच तिच्यावर अन्याय होतो.

मिसिसिपीतलं मिंटर सिटी, भाजीपाला पिकवणारे वडील, भावंडांनी भरलेलं घर, कापूस वेचण्याचे दिवस हे तिचं बालपण बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. १९७३मध्ये ती डेल्टा स्टेट विद्यापीठात आली, तेव्हा तिथला महिला संघ नुकताच पुन्हा उभा राहत होता. मुलींना हा खेळ झेपणार नाही, असं म्हणत विद्यापीठाने १९३०च्या दशकात तो बंद केला होता. त्या बंद पडलेल्या संघातलीच एक खेळाडू चाळीस वर्षांनी हॅरिसची प्रशिक्षक झाली. तिकडच्या महाविद्यालयीन मुलींनी पाच जणींचा, पूर्ण कोर्टवरचा खेळ रीतसर स्वीकारून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

या संघाने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. हॅरिसच्या चार वर्षांत १०९ विजय आणि अवघे ६ पराभव. सहा फूट तीन इंच उंचीची ही सेंटर (बास्केटजवळ खेळणारी खेळाडू) संघातली एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू होती. तिचे एकूण गुण २,९८१, म्हणजे सामन्यामागे जवळपास २६, आणि रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) १४च्या वर. जिच्याबाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती रेषा तेव्हा नव्हती. लांबून एक फटका मारून भरपाई करायची सोय नसल्याने हे गुण बहुतेक बास्केटखालच्या रेटारेटीत, दोघीतिघी अंगावर घेऊन कमावलेले. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं आणि त्यातली पहिली बास्केट हॅरिसनेच केली. तो जपानविरुद्धचा सामना अमेरिका हरली, पण शेवटी रौप्यपदक मिळालं.

आता ड्राफ्ट. तिला निवडलं ते खरंच खेळवायला की वर्तमानपत्रांसाठी? खुद्द हॅरिसला ही प्रसिद्धीची खेळी वाटली होती. तसं वाटायला कारणही होतं. त्याच सातव्या फेरीत, तिच्यानंतर दोनच क्रमांकांनी, दुसऱ्या एका संघाने मॉन्ट्रियलच्या डेकॅथलॉन (दहा मैदानी प्रकारांची स्पर्धा) विजेत्याला निवडलं. शाळा सुटल्यापासून त्याने बास्केटबॉल खेळलेलंही नव्हतं! १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने आयोवातल्या एका शाळकरी मुलीला निवडलं होतं आणि लीगच्या तेव्हाच्या आयुक्तांनी ती निवड रद्द केली होती. म्हणूनच हॅरिसला ‘अधिकृतपणे निवड झालेली पहिली स्त्री’ म्हणतात.

शिवाय निवड झाली तेव्हा ती विवाहित आणि गरोदर होती. पण ती गरोदर नसती तरी काय झालं असतं? १९७९मध्ये ऑलिंपिक संघातल्या तिच्याच एका सहकारी खेळाडूशी एनबीएतल्या इंडियानाच्या संघाने करार केला, तीन दिवस चाचणी घेतली आणि संघात जागा दिली नाही. हॅरिसला पुरुषांच्या संघात जागा नको होती. स्वतःच्या तोडीच्या बायकांशी खेळता येईल अशी लीग हवी होती आणि १९७७मध्ये अमेरिकेत ती नव्हतीच. नंतर जी निघाली ती तीन हंगामांत बंद पडली. ह्यूस्टनकडून हॅरिस तिच्यात थोडा काळ खेळली. डब्ल्यूएनबीए ही आजची महिलांची लीग आली १९९७मध्ये, तेव्हा हॅरिस ४२ वर्षांची होती.

मधल्या काळात तिने विद्यापीठात प्रवेश-समुपदेशकाचं काम केलं, शाळा-महाविद्यालयांत प्रशिक्षण दिलं, चार मुलं वाढवली आणि बायपोलर या मानसिक आजाराशी झुंज दिली. १९९२मध्ये स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोर व्यक्तींच्या सन्मान-दालनात, तिचा समावेश झाला. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १८ जानेवारी २०२२ला ती गेली. दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या लघुमाहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि नव्या पिढीला तिचं नाव कळलं.

या उशिराचं एक कारण नोंदवहीतही आहे. हॅरिसच्या काळात महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धा एक वेगळी संघटना चालवायची. १९८२मध्ये त्या पुरुषांच्या स्पर्धा घेणाऱ्या संघटनेकडे गेल्या. नव्या संघटनेने महिलांचे विक्रम तिथून पुढेच मोजायला सुरुवात केली आणि आधीचे गुण, आधीची विजेतेपदं बाजूला राहिली. २०२४मध्ये आयोवा विद्यापीठाच्या एका खेळाडूने महिलांच्या महाविद्यालयीन गुणांचा विक्रम मोडला, तेव्हा १९८२च्या आधीच्या खेळाडूंचं काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. तो विचारायला बेचाळीस वर्षं लागायला नको होती.