ओल वेगळी, खार वेगळा

आपल्याकडे समुद्र येतो तो आठवडी बाजारात, सुकटीच्या नि खाऱ्या बांगड्याच्या पाटीतून. म्हणूनच असेल, पण खान्देशातला मिस्तरी कोकणात जुनी इमारत दुरुस्त करायला गेला की भिंतीवर हात फिरवून त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ओल आहे भाऊ, वॉटरप्रूफिंग करून टाकू." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. त्यापायी शंभर वर्षं टिकलेल्या भिंती चार वर्षांत जातात.

ओल काय असते ते तुम्हाला माहीत आहे. धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळतं, पन्हाळ फुटते, पायातून पाणी चढतं. पाण्याची वाट शोधायची, बंद करायची, एक-दोन उन्हाळे जाऊ द्यायचे. जळगाव-भुसावळचा मे महिना बाकीचं काम करतो. बुरशी काळी-हिरवी असते आणि खार, म्हणजे भिंतीतून फुटणारा क्षार, पांढरा, यावर जास्त बोलायला नको.

खारही आपल्याला परका नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकतात, कारण तिच्यातल्या क्षारांमुळे चिकणमातीचे कण ओले होताच सुटे होऊन बारीक भोकं बुजवतात. तिथे खार आपला राखणदार. गोठ्यालगतच्या भिंतीला उन्हाळ्यात पांढरं पीठ फुटतं, तो बहुतेक शोरा (पोटॅशियम नायट्रेट), जनावरांच्या मुतातून आणि गावठाणाच्या पांढऱ्या मातीतून आलेला. आमच्याकडचे एक म्हातारे मिस्तरी त्याची चिमूट जिभेवर ठेवायचे. गार लागलं तर शोरा, नुसतं खारट लागलं तर मीठ. आपला काळा दगड घट्ट असतो, त्यामुळे हा खार सांध्यांतून फुटतो. गोठा हलवला, पाणी तोडलं, सांधे चुन्याने पुन्हा भरले की भिंत शांत होते.

आता किनाऱ्यावरचं मासळी खारवायचं जुनं आवार घ्या. इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता, पण पश्चिम किनाऱ्यावर अशा सरकारी आवारांत मासळीसाठी करमाफ मीठ मिळे. तिथे वर्षानुवर्षं जमिनीवर मीठ सांडलं आणि हौदांतलं खारं पाणी भिंतींना लागलं. भिंत जांभ्याच्या चिऱ्याची. जांभा सच्छिद्र, म्हणून मीठ सांध्यांत थांबत नाही, चिऱ्याच्या पोटात शिरतं. अशा इमारतीचं छप्पर नवं करा, पायाभोवती चर खणा, पाण्याचा थेंब येऊ देऊ नका. तरी पावसाळ्यात भिंत ओलीच दिसेल. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. शुद्ध शोऱ्याला त्यासाठी ९२ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, आणि आपल्या हवेत ती क्वचितच इतकी चढते. म्हणजे आपल्याकडे पाणी तोडलं की खार निजतो. तिथे तोडायला पाणीच नाही, ते हवेत आहे.

आणि नासधूस भिंत ओली असताना होत नाही, वाळताना होते. पावसाळा ओसरल्यावर हवा कधी ७५ च्या खाली, कधी वर. दर खेपेला मीठ पुन्हा दाणा धरतं, दाणा छिद्रात वाढतो आणि दगडाला आतून रेटतो. म्हणून ऑक्टोबरनंतर भिंतीच्या पायथ्याशी लालसर भुकटी साचलेली दिसते. ती धूळ नव्हे, चिराच आहे.

अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करणं मला अजिबात मान्य नाही. रत्नागिरीकडच्या एका शेडमध्ये मी तो हाताने उपटून पाहिला. थाळीएवढा तुकडा निघाला. समोरून गुळगुळीत, आणि उलटा केला तर मागे बोटभर जांभा चिकटलेला, मध्ये मिठाचा पांढरा थर. वाफ बाहेर पडू न शकल्याने मीठ गिलाव्याच्या मागेच दाणा धरत होतं. वॉटरप्रूफ रंगानेही हेच होतं.

माझी पद्धत सांगतो. पांढरा थर दिसला की आधी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा आणि इमारतीबाहेर न्यायचा. पाण्याने धुवायचा नाही, धुतलं की मीठ पुन्हा आत जातं. मग कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून बोटभर जाडीने भिंतीला थापायचा. लगदा वाळताना ओलाव्याबरोबर मीठ आपल्याकडे ओढतो. पूर्ण वाळला की काढायचा, दुसरा थापायचा. मग वर नुसत्या चुन्याचा, भिंतीपेक्षा कच्चा गिलावा. मीठ यापुढे त्यात फुटू दे, तो पडू दे, पाच-सात वर्षांनी पुन्हा करा. घरमालकांना हे पटत नाही, त्यांना कायमचा इलाज हवा असतो. गिलावा पडला तर दुरुस्ती होते, चिरा गेला तर नवा शोधावा लागतो.

लगद्याने किती काम केलं हे डोळ्यांनी ठरवू नका. काढलेला लगदा डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, वरचं निवळ पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पहिल्या खेपेला मिठामुळे दह्यासारखा पांढरा साका धरतो. पाणी नुसतं धुरकट होईपर्यंत थापत राहा.