अमेरिकेबाहेर जन्मला म्हणजे राष्ट्राध्यक्ष होता येत नाही? असं काही नाहीये
दर इलेक्शनला हे फिरतंच, की अमेरिकेच्या जमिनीवर जन्म नसेल तर प्रेसिडेंट होताच येत नाही. घटनेत असं कुठेही लिहिलेलं नाही. तिथे अटी तीनच आहेत, वय ३५, अमेरिकेत १४ वर्षं वास्तव्य आणि तो माणूस जन्मापासूनचा नागरिक हवा. आता जन्मापासूनचा म्हणजे नंतर अर्ज करून, शपथ घेऊन झालेला नाही, आणि आई किंवा वडील अमेरिकन असतील तर कायद्याच्या अटींत बसणारं मूल परदेशात जन्मलं तरी पहिल्या दिवसापासून नागरिकच असतं.

जॉन मॅक्केनच बघा ना, १९३६ साली पनामा कालव्याच्या पट्ट्यात नौदलाच्या तळावर जन्म, वडील नौदलात, आणि २००८ ला रिपब्लिकन पक्षाचे अधिकृत उमेदवार, सिनेटने तर ते पात्र आहेत असा ठरावच एकमताने केला. सिनेटर टेड क्रूझ कॅनडात कॅलगरीला जन्मले पण आई अमेरिकन, तेही २०१६ ला प्रेसिडेंटच्या शर्यतीत उतरले होतेच. उलट हॉलिवूडचे अर्नोल्ड श्वार्झनेगर ऑस्ट्रियात जन्मून १९८३ ला नागरिक झाले, म्हणून कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर झाले तरी प्रेसिडेंट नाही होऊ शकत.

हां, सुप्रीम कोर्टाने यावर थेट निकाल अजून दिलेला नाही, बहुतेक कायदेतज्ज्ञ मात्र याच बाजूचे आहेत.

आणि आपल्याकडच्यांसाठी, आईबाबा दोघंही नुसते ग्रीन कार्डवर (म्हणजे कायम राहायचा परवाना, नागरिकत्व नाही) असताना बाळ पुण्यात झालं तर ते जन्माने अमेरिकन नाही. न्यू जर्सीत झालं तर आहे.