गॅस वेल्डिंगच्या ज्योती

ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन टॉर्चमध्ये मिसळून नोझलच्या तोंडाशी पेटवले की जी ज्योत मिळते, तिने गॅस वेल्डिंग करतात. दोन वायूंच्या प्रमाणावरून तिचे उदासीन, कार्बुरायझिंग आणि ऑक्सिडायझिंग असे तीन प्रकार पडतात. ही ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर तापते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातलिए यांनी १८९५ मध्ये दाखवले.

एक भाग ॲसिटिलीन पूर्ण जळायला अडीच भाग ऑक्सिजन लागतो. त्यातला साधारण एक भाग बाटल्यातून येतो, उरलेला दीड भाग ज्योत भोवतालच्या हवेतून ओढून घेते. आतल्या शंकूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात व बाहेरच्या निळसर आवरणात ते जळतात. हे आवरण वितळलेल्या धातूला हवा लागू देत नाही, आणि जोड शाबूत राहतो तो त्यामुळेच. बंदिस्त जागेत हीच ज्योत माणसाच्या वाट्याचा ऑक्सिजनही ओढते, म्हणून टाकीत उतरून काम करताना वारा खेळता लागतो.

टॉर्च पेटवताना आधी ॲसिटिलीनची चावी थोडी उघडून ठिणगी देतात. पिवळी, धुरकट ज्योत येते आणि काजळीच्या जाळ्या हवेत तरंगू लागतात. मग ऑक्सिजन हळूहळू सोडायचा. ज्योत पांढरी होते, शंकूच्या पुढे पिसासारखी फिकट शेपटी दिसते. ती आखडत जाऊन शंकूत मिसळली की ज्योत उदासीन झाली, आणि चावीवरचा हात तिथेच थांबवायचा. काटे पाहून हे जमत नाही, नजर बसावी लागते.

उदासीन ज्योत शंकूच्या टोकाजवळ सुमारे ३,१०० ते ३,२०० अंश तापते. ती धातूत काही घालत नाही, त्यातून काही काढतही नाही. त्यामुळे साधे पोलाद, बीड, स्टेनलेस स्टील आणि तांबे अशी बहुतेक कामे हिच्यावरच होतात.

शेपटी उरली तर ज्योत कार्बुरायझिंग. तिच्यातला जादा कार्बन वितळलेल्या पोलादात शिरतो, रस उकळल्यासारखा दिसतो आणि जोड ठिसूळ होतो. स्टेनलेसचे तर गंजरोधक गुणच कमी होतात. मात्र झिजणाऱ्या भागांवर स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूचा थर चढवताना हाच दोष कामी येतो. पोलादाचा पृष्ठभाग कार्बन घेतो, तेवढाच थर कमी तापमानाला वितळतो, त्याला नुसता घाम फुटतो, आणि खालचा धातू न वितळता थर चिकटतो.

ऑक्सिजन जास्त झाला की शंकू आखूड व टोकदार होतो आणि ज्योत फुसकारते. तिन्हींत तापमान हिचेच जास्त, म्हणून काम लवकर उरकेल असे नवख्याला वाटते. पण पोलादावर ती लावली की फेस येतो, ठिणग्या उडतात आणि जोडात ऑक्साइड अडकते. तिची खरी जागा पितळेवर आहे. पितळेतले जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे पितळ वितळल्यावर थोड्याच वेळात पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाऊ लागते. जादा ऑक्सिजनमुळे रसावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि जस्त खालीच कोंडले जाते. तरी थोडा धूर निघतोच. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.